ऐतिहासिक वास्तूसाठी पैसा उभा करताना: आधी देखभाल, मग दुरुस्ती

जुन्या वास्तूच्या जतनाचा पैसा बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने उभा केला जातो. छप्पर बसायला आले की आवाहन निघते, देणग्या येतात, काम होते, फलक लागतो. त्यानंतर पन्हळी साफ करायला माणूस ठेवण्याइतकाही पैसा उरत नाही. मग दहा-पंधरा वर्षांत तीच भिंत पुन्हा ओली होते आणि पुन्हा आवाहन निघते.

पॅरिसच्या नोत्र दामचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर सुमारे १५० देशांतल्या ३ लाख ४० हजार लोकांनी मिळून साधारण ८४ कोटी ६० लाख युरो दिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले. पण आगीच्या दोनच वर्षे आधी, झिजलेल्या दगडांसाठी आणि गळक्या भागांसाठी मदत मागितली जात होती, तेव्हा पैसा थेंबाथेंबाने येत होता. जगात सगळीकडे असेच घडते. संकटाला पैसा मिळतो, झिजेला मिळत नाही. म्हणून निधीची आखणी शेवटाकडून सुरू करावी. दुरुस्तीनंतर दरवर्षी किती लागणार आणि ते कोण देणार, हे आधी ठरवावे. दुरुस्तीचा आकडा त्यानंतर.

मालकीचे कागद

वास्तू कोणाच्या नावावर आहे हे स्पष्ट नसेल तर पुढचे काहीही करू नका. वारसांची सही नाही, भाडेपट्टा संपत आला आहे, वास्तू एका संस्थेची आणि जमीन दुसऱ्याची आहे, अशा कारणांनी अर्ज पहिल्याच छाननीत बाद होतात. अनुदान देणारे बहुधा अट घालतात की काही वर्षे वास्तू विकायची नाही, तिचा वापर बदलायचा नाही आणि ती लोकांना पाहू द्यायची. भाडेपट्ट्याची उरलेली मुदत या अटीच्या मुदतीपेक्षा मोठी हवी. नसेल तर आधी पट्टा वाढवून घ्या. वास्तू संरक्षित यादीत आहे का आणि बदलाला कोणाची परवानगी लागते, हेही याच टप्प्यावर लिहून ठेवा. परवानगी नसताना सुरू केलेल्या कामाचे बिल कोणताही निधी फेडत नाही.

पाहणीचा पैसा सर्वात अवघड असतो

देणगीदाराला घुमट दाखवता येतो, अहवाल दाखवता येत नाही. म्हणून पाहणी, मोजणी आणि नकाशे यांच्यासाठी पैसा मिळणे सगळ्यात कठीण जाते. तरी हाच पैसा सगळ्यात जास्त वाचवतो. तो जवळच्या, विश्वासातल्या लोकांकडून किंवा प्रकल्प तयारीसाठी वेगळे अनुदान देणाऱ्या संस्थांकडून मिळवा आणि हिशेबात स्वतंत्र ठेवा.

पाहणीत प्रत्येक दोषाला जागा, कारण आणि निकड अशा तीन नोंदी हव्यात. निकडीचे चार वर्ग पुरतात: काही आठवड्यांत करायचे, वर्षाच्या आत, पाच वर्षांच्या आत, आणि नुसते लक्ष ठेवायचे. पहिल्या वर्गात जवळजवळ नेहमी पाणीच असते. तुंबलेली पन्हळ, फुटलेला पावसाळी नळ, सरकलेली कौले, दगडांच्या सांध्यात रुजलेले झाड. त्यानंतर वाळवी आणि जुनी विजेची तारजोडणी. या कामांना मोठ्या निधीची वाट पाहू नका, कारण ती रेंगाळली की मूळ अंदाजच चुकीचा ठरतो.

भिंतीतल्या भेगांवर मोजपट्ट्या लावून किमान एक वर्ष नोंदी घ्या. ऋतूनुसार भेग थोडी उघडते आणि मिटते. ती वाढत आहे की नुसती हलते आहे, हे पूर्ण वर्षाच्या नोंदींशिवाय कळत नाही. केवळ हलणाऱ्या भेगेसाठी पायाच्या बळकटीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात घातला, तर तो सगळा पैसा जमिनीत जातो आणि छपराला काही उरत नाही.

अंदाजपत्रक: १०० चे १७० कसे होतात

गवंडीकाम, सुतारकाम आणि दगडकाम यांची बेरीज म्हणजे प्रकल्पाचा खर्च, असे समजून आवाहन काढले जाते आणि अर्ध्यातच पैसा संपतो. एक उदाहरण करून पाहा. प्रत्यक्ष कामाचा खर्च १०० धरा. परांची, कामाच्या काळातले तात्पुरते छप्पर आणि मौल्यवान भागांचे संरक्षण यांना १२ लागले, म्हणजे ११२. जुन्या वास्तूत गिलावा काढल्याशिवाय आतले कळत नाही, म्हणून आकस्मिक खर्च २० टक्के धरायचा, म्हणजे १३४. पैसा जमून काम निम्म्यावर यायला २ वर्षे लागणार आणि दर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढणार असतील, तर १५१. वास्तुविशारद, अभियंता आणि देखरेख यांना १२ टक्के दिले की १६९. कर आणि विमा अजून बाहेरच आहेत.

टक्के तुमच्या ठिकाणानुसार बदलतील, पण रांग हीच राहते. कराकडे विशेष लक्ष द्या. काही देशांत नव्या बांधकामाला सवलत असते आणि जुन्याच्या दुरुस्तीवर पूर्ण कर बसतो. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे, तर जुन्या घराच्या दुरुस्तीवर साधारणपणे २० टक्के कर लागतो. जपायला सांगणारे सरकारच जपण्यावर जास्त कर लावते, हे दुर्दैव आहे आणि ते बदलायला हवे. तोवर आकडा अंदाजपत्रकात धरावाच लागेल.

आकस्मिक खर्चाची ओळ कापू नका. समितीच्या बैठकीत आकडा मोठा दिसतो म्हणून पहिली कात्री तिलाच लागते. मग तुळईचे भिंतीत गाडलेले टोक कुजलेले निघते, आणि त्यासाठी रंगीत काचांचा पैसा वळवावा लागतो. देणगीदाराने तो काचांसाठीच दिलेला असतो.

देखभालीचा निधी किती हवा

वास्तूच्या किमतीचे एक-दोन टक्के वर्षाला बाजूला ठेवा, असा ढोबळ सल्ला दिला जातो. त्यापेक्षा कामे मोजा. पन्हळी वर्षातून किमान दोनदा, म्हणजे पावसाळ्याआधी आणि पानगळीनंतर. प्रत्येक मोठ्या वादळानंतर छपराची फेरी. सांध्यांतली रोपटी मूळ धरण्याआधी वर्षातून दोनदा काढणे. चुन्याचा हात दर काही वर्षांनी, त्याचा वार्षिक वाटा. वीज आणि अग्निशमन यंत्रणेची तपासणी, विमा, राखणदाराचा पगार. शिवाय पंचवीस-तीस वर्षांनी येणाऱ्या मोठ्या कामांचा, म्हणजे कौले उतरवून नवे वासे घालण्यासारख्या कामांचा, वर्षाला पडणारा भाग. या सगळ्यांची बेरीज ही तुमची खरी वार्षिक गरज.

त्यातून वास्तू स्वतः मिळवते ते उत्पन्न वजा करा. उरलेली तूट कायम ठेवीच्या उत्पन्नातून भागवायची असेल, तर ठेव केवढी हवी ते काढता येते. इथे बहुतेकांची चूक होते. ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि महागाई ५ टक्के असेल, तर वापरता येतात फक्त २ टक्के. उरलेले ५ टक्के मुद्दलात परत गेले पाहिजेत, नाहीतर वीस वर्षांनी ठेवीचा आकडा तोच राहतो आणि त्यात निम्म्याहून कमी काम होते. म्हणजे २ टक्के वापरायचे तर वार्षिक तुटीच्या ५० पट ठेव लागते, आणि ४ टक्के परवडत असतील तर २५ पट.

हा आकडा पाहून धीर खचतो हे खरे. पण तो लपवून वास्तू ताब्यात घेणे जास्त वाईट. ब्रिटनचा नॅशनल ट्रस्ट १८९५ पासून वास्तू सांभाळतो आहे. नवी मालमत्ता स्वीकारण्याआधी तिचे पुढल्या अनेक वर्षांचे उत्पन्न आणि खर्च मांडून सोबत केवढी ठेव यायला हवी हे ठरवायला तिथे एक सूत्रच आहे, चोर्ली सूत्र. एवढी मोठी संस्थासुद्धा ठेवीचा विचार केल्याशिवाय नुसत्या भिंती घेत नाही. छोट्या समितीने तर मुळीच घेऊ नयेत.

ठेव शक्य नसेल तर नेदरलँड्सची वाट पाहण्यासारखी आहे. तिथे १९७३ मध्ये मोन्युमेंटनवाख्त ही सेवा सुरू झाली. मालक वर्गणी भरतात. निरीक्षकांची जोडी अवजारे भरलेली गाडी घेऊन येते, वरपासून खालपर्यंत वास्तू तपासते, सरकलेले कौल किंवा तुंबलेली पन्हळ लगेच ठीक करते आणि काय कधी करावे याचा लेखी अहवाल देते. एका वास्तूला अशी जोडी परवडत नाही, पन्नास वास्तूंना मिळून परवडते. एका परिसरातल्या मालकांनी एकत्र येऊन हे कुठेही सुरू करावे. जतनावर खर्च होणाऱ्या पैशात याहून जास्त फळ देणारा पैसा नाही.

कोणत्या कामाला कोणाचा पैसा

ज्याला लाभ, त्याच्याकडे मागणी. वास्तूचा सांगाडा, छप्पर आणि रस्त्यावरून दिसणारे रूप हे सर्वांचे आहे, म्हणून त्यासाठी सार्वजनिक पैसा मागणे रास्त आहे. आतल्या सोयी, म्हणजे उपाहारगृह, सभागृह, वातानुकूलन, यांचा खर्च त्या वापरणाऱ्यांनी किंवा कर्जातून करावा. चित्रे, कोरीव दारे, घड्याळ अशा डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींना देणगीदार सहज मिळतात. त्यांना नालीसाठी पैसे मागून वेळ घालवू नका.

सरकारी पैसा अनेक वाटांनी येतो. थेट अनुदानाखेरीज काही देशांनी त्यासाठी वेगळा झरा बांधला आहे. ब्रिटनमध्ये १९९४ पासून राष्ट्रीय लॉटरीचा वाटा वारशाला मिळतो. फ्रान्सने २०१८ मध्ये खास वारशासाठी लॉटरी काढली. अमेरिकेत १९७६ मध्ये ऐतिहासिक जतनाचा निधी स्थापन झाला, तो समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नातून. निधीला झरा असला तरी प्रत्यक्ष रक्कम दरवर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर करावी लागते आणि ती कमीजास्त होते. म्हणून अशा निधीवर एकदाचे काम बसवावे, राखणदाराचा पगार बसवू नये.

करसवलत ही दुसरी वाट. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीचे मान्य पद्धतीने पुनरुज्जीवन केले, तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम संघीय करातून वजा होते, ५ वर्षांत विभागून. स्वतःच्या राहत्या घराला ती मिळत नाही. खर्च इमारतीच्या हिशेबी किमतीपेक्षा (जमीन सोडून, घसारा वजा केलेल्या) जास्त व्हावा लागतो, आणि पाच वर्षांच्या आत विकली तर सवलतीचा भाग परत करावा लागतो. इटलीत २०१४ पासून सार्वजनिक वारशाला देणगी देणाऱ्याला ६५ टक्के करसवलत मिळते. सवलतीवर आधारलेली योजना मांडताना एक गोष्ट तपासा: सवलत घेणाऱ्याला तेवढा कर भरावा लागतो का? कर नाही तर सवलतही नाही, आणि धर्मादाय विश्वस्त संस्थांची योजना इथेच अडते.

जमिनीला मोठा भाव असलेल्या शहरात न वापरलेला बांधकाम हक्क, म्हणजे नियमाने आणखी जेवढे बांधता आले असते तेवढा हक्क, दुसऱ्या भूखंडासाठी विकता येतो. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधू न देण्याचा निर्णय १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. स्थानकावरचा हक्क आसपासच्या भूखंडांवर नेता येतो, हा त्यात महत्त्वाचा मुद्दा होता. ही पद्धत दोन ठिकाणी फसते: हक्काला गिऱ्हाईकच नसेल तिथे, आणि विकून आलेला पैसा वास्तूवरच खर्च करण्याची अट नसेल तिथे. हक्क टप्प्याटप्प्याने आणि प्रत्यक्ष झालेली दुरुस्ती तपासूनच मोकळा व्हावा.

तिकिटाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. गर्दी झीज वाढवते आणि जास्त माणसे ठेवायला लावते, म्हणून एकूण जमा नव्हे, खर्च वजा जाता उरणारी रक्कम धरा. ती सर्वसाधारण तिजोरीत जाणार की वास्तूच्या खात्यात, हे लेखी घ्या.

प्रायोजक घेताना करार कामाइतकाच नेटका हवा. रोमच्या कलोसियमसाठी टॉड्स या पादत्राणांच्या कंपनीने अडीच कोटी युरो देण्याचा करार २०११ मध्ये केला, पण वाद आणि न्यायालयीन आव्हानांमुळे काम सुरू व्हायला २०१३ उजाडले. नाव कुठे, किती आकाराचे आणि किती काळ, वास्तूचे छायाचित्र जाहिरातीत वापरता येईल का, कामाच्या तांत्रिक निर्णयात प्रायोजकाला मत आहे का, याची उत्तरे सही करण्याआधी कागदावर यावीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेहमी नाही असावे.

फिरता निधी हे मला सर्वात आवडणारे साधन. पडायला आलेले घर विकत घ्यायचे, सांगाडा आणि छप्पर सुरक्षित करायचे, जतनाची अट कायमची खरेदीखतात घालून ते विकायचे आणि आलेल्या पैशात पुढचे घर घ्यायचे. अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा निधीने एक अख्खी वस्ती उभी केली. प्रत्येक फेरीत थोडा तोटा होतोच, तो देणगीतून भरायचा. पहिले घर मोठे किंवा फार मोडकळीला आलेले घेऊ नका, कारण पैसा एका भिंतीत अडकला की निधी फिरायचा थांबतो. ब्रिटनमध्ये लँडमार्क ट्रस्ट १९६५ पासून वेगळे करतो: दुरुस्ती देणग्यांतून, आणि मग वास्तू सुट्टीपुरती भाड्याने देऊन त्या भाड्यातून देखभाल. छोट्या, विचित्र आकाराच्या, दुसऱ्या कशालाच न चालणाऱ्या वास्तूंना हे छान लागू पडते.

लोकवर्गणीचे जाहीर आवाहन शेवटी काढा. लक्ष्याचा तिसरा हिस्सा तरी आधी शांतपणे जमवलेला असावा. रिकाम्या आकड्यापुढे कोणी पहिला रुपया टाकत नाही. पावतीवर उद्देश लिहिताना "या वास्तूच्या जतनासाठी" असा रुंद शब्द वापरा. "घुमटासाठी" असे लिहिले आणि घुमटाला पैसा जास्त झाला, तर तो गळक्या सज्जाला वापरता येत नाही.

मंजूर पैसा आणि हातातला पैसा

बहुतेक अनुदाने आधी खर्च करा, मग मागा अशा पद्धतीने मिळतात. समजा १२० चे काम १२ महिने चालणार, दरमहा १० खर्च होणार आणि अनुदान ६० टक्के आहे. मागणी दर तीन महिन्यांनी करायची आणि पैसे त्यानंतर तीन महिन्यांनी येणार. पहिला हप्ता हातात पडेपर्यंत तुमचे ६० खर्च झालेले असतात, त्यातले ३६ अनुदानाचे. हे ३६ कुठून आणणार? याचे उत्तर नसल्यानेच कंत्राटदार काम सोडून जातात आणि उघडे छप्पर पावसात राहते. बिनव्याजी उसनवार, अनुदानाच्या पत्रावर मिळणारे अल्पमुदतीचे कर्ज किंवा आगाऊ हप्ता, यांपैकी एक काम सुरू होण्याआधी पक्के करा. कर्ज असेल तर व्याजही अंदाजपत्रकात घाला.

काम अशा टप्प्यांत तोडा की कुठल्याही टप्प्याला पैसा थांबला तरी वास्तू सुरक्षित राहील. छप्पर आणि पाण्याचा निचरा पहिला, भिंती नंतर, आतली सजावट शेवटी. मोठ्या पाहुण्याच्या भेटीसाठी दर्शनी भाग आधी करण्याचा मोह होतो. वरून पाणी झिरपत असेल तर तो गिलावा पुढच्या पावसाळ्यात फुगतो.

पैशाच्या तारखा आणि चुना

आर्थिक वर्ष संपण्याआधी रक्कम खर्च करा, नाहीतर ती परत जाईल, या नियमाने जितक्या वास्तू बिघडल्या तितक्या दुर्लक्षानेही बिघडल्या नसतील. चुन्याला वेळ लागतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बाहेरून आत हळूहळू पक्का होतो. थर पातळ हवेत, प्रत्येक थराला ओल आणि उसंत हवी, कडक ऊन, गोठवणारी थंडी आणि धो धो पाऊस टाळायला हवा. मार्चअखेर किंवा डिसेंबरअखेर बिल लागलेच पाहिजे म्हटले, की सांध्यांत सिमेंट भरले जाते. सिमेंट मऊ दगडापेक्षा कठीण आणि कमी झिरपणारे असते. भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडायची ती दगडातून पडू लागते, क्षार दगडाच्या तोंडाशी स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. सांधा शाबूत, दगड गेला. नंतर ते सिमेंट काढताना दगडाच्या कडाही फुटतात, आणि खर्च मूळ कामापेक्षा जास्त येतो.

म्हणून अनुदानाच्या करारातच उरलेली रक्कम पुढच्या वर्षात नेण्याची मुभा मागा आणि चुन्याच्या कामाचा हंगाम वेळापत्रकात लिहा. निविदा दोन पाकिटांत घ्या: आधी अनुभव आणि कारागीर तपासायचे, त्यात उतरलेल्यांचेच दर उघडायचे. काम सुरू करण्याआधी भिंतीच्या एका कोपऱ्यात एक-दोन चौरस मीटरचा नमुना करून घ्या आणि तोच पुढच्या कामाचा मापदंड ठरवा. एकरकमी ठेका टाळा. दर ठरवून प्रत्यक्ष मोजणीवर पैसे द्या, म्हणजे बरे असलेले दगड उगाच बदलले जाणार नाहीत. बिलातून ५ ते १० टक्के रोखून ठेवा आणि एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, गळती नाही हे पाहूनच मोकळे करा.

प्रकल्पासाठी बँकेत स्वतंत्र खाते ठेवा, दोन सह्यांचे. मोजमाप पुस्तक, बिल आणि छायाचित्र एकाच क्रमांकाने जोडा. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च वास्तूच्या दारावरच लावला, की वर्गणी देणारे पुन्हा देतात.

परांची उतरवण्याआधी

भांडवली निधी हातात आहे तोवर एक काम करून घ्या, कारण त्यासाठी नंतर कोणीही पैसा देत नाही. छपरावर जायला सुरक्षित झडप आणि शिडी, दोर अडकवायला कायमचे आकडे, पन्हळीच्या तोंडाशी काढता येणारी जाळी आणि नळाला खाली साफ करायचे झाकण बसवा. हे नसेल तर पन्हळ साफ करायला दरवेळी परांची लागते आणि ती साफ होतच नाही. राखणदाराला परांचीवर नेऊन प्रत्येक पन्हळ, प्रत्येक सांधा आणि पाणी कुठून कुठे जाते ते दाखवा. त्याच्या वहीत पहिल्या वर्षाच्या फेऱ्यांच्या तारखा लिहून द्या आणि त्या फेऱ्यांचा पैसा देखभालीच्या खात्यात त्याच दिवशी जमा करा.